उजव्या कौलाची गाडी

जुनी डिझेल गाडी बघायची तर सकाळी बघावी, मालकाचा पहिला चहा व्हायच्या आत. रात्रभर उभं राहून इंजिन गार पडलेलं असतं आणि त्या वेळी त्याला काही लपवता येत नाही. म्हणून मी गाडीजवळ गेलो की आधी बॉनेटवर तळहात ठेवतो. कोमट लागलं तर मालकाला विचारतो, "एवढ्या सकाळी कुठं जाऊन आलासा?" या प्रश्नाला जो माणूस लांबलचक उत्तर देतो, त्याची गाडी मी सहसा कुणाला घेऊ देत नाही.

रामनगरला बेळगाव-गोवा रस्त्याच्या कडेला माझं गॅरेज आहे. तीस वर्षं तिथं डिझेलची इंजिनं उघडतोय आणि मिटतोय. जोयड्यापासून खानापूरपर्यंतची माणसं जुनी गाडी घ्यायची झाली की मला बोलावतात. मी त्याचं काही घेत नाही, पण मी गाडी बघत असताना कुणी मध्ये तोंड घातलेलं मला खपत नाही. टायरला काळं पॉलिश, आत उदबत्तीचा वास आणि सीटला नवीकोरी कव्हरं बघून भुलणाऱ्या माणसांचा तर मला रागच येतो. अरे, मागं जाऊन धूर बघा की. काळा असला तर डिझेल नीट जळत नाही, ते सुधारता येतं. निळा असला तर इंजिन तेल खातंय, मग तिथून चालू पडावं. पांढरा धूर येतच राहिला तर पाणी आत शिरतंय. एवढं साधं आहे, पण लोक धूर सोडून म्युझिक लावून बघतात.

माझ्या माघारी माणसं म्हणायची, "त्याला न्हेलं तर गाडी मिळायचीच न्हाई." हे माझ्या कानावर यायचं आणि खोटं कशाला सांगू, बरं वाटायचं. नको म्हणण्यात एक मोठेपणा असतो. हो म्हणणारा उद्या सापडतो, नको म्हणणाऱ्याला कोण जाब विचारणार? माझ्या वैनीसाठी गाडी बघायची वेळ आली तेव्हा आधी या मोठेपणानं घात केला, आणि मग ज्या एका दिवशी खरोखर नको म्हणायला हवं होतं त्या दिवशी मी गप्प बसलो.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. बाजारकुणंगकडं जाणाऱ्या रस्त्याला एक फाटा लागतो, तिथून आत रानातल्या कच्च्या रस्त्यानं पाऊण तास चाललं की आमची वाडी. भाताची चार खाचरं आणि बाकी सगळं रान. अण्णानं शेती धरली, उमेदीत जंगलातल्या कामावर ट्रॅक्टरही चालवला. मी रामनगरला पळालो. आई माझ्या लहानपणीच गेली होती. वैनी लग्न होऊन आली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो, डोक्यात उवा आणि नाकाला शेंबूड. आल्या आठवड्यातच तिनं मला ओढ्यावर नेऊन राखेनं घासून काढलं. मी शिव्या दिल्या, तिनं पाठीत धपाटा घातला, आणि त्या दिवसापासून मी तिचा झालो. पुढं माझं लग्न झालं, पोरं झाली, केस पिकले, तरी वाडीत गेलो की ती आधी माझे हात बघायची. "भावजी, हात धुवा की. ग्रीस खाऊनच मोठं झालासा काय?" मला हात धुवायची, पुसायची सवय नाही. काम चालू असताना तर नाहीच नाही.

दोन वर्षांपूर्वी वैनीच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, दांडेलीला मशीनवर रक्त साफ करून घ्यायचं असं ठरलं. ठरवायला काय जातंय? पहाटे उठून फाट्यापर्यंत चालायचं, पहिली बस धरायची, जोयड्याला उतरून दुसरी धरायची. मग मशीनवर चार तास. परत येताना दोन्ही बस माणसांनी भरलेल्या. "अंगातलं सगळं पिळून काढल्यागत हुतंय," ती म्हणायची, आणि तशा अंगानं दांडी धरून उभी राहायची. कुणी जागा दिली तर दिली. एके दिवशी ती दाराजवळच्या पायरीपाशी खालीच बसली, आणि बायकांनी तिला काखेत धरून उचललं. दुसऱ्या दिवशी अण्णा गॅरेजवर आला. तो कधी गॅरेजवर येत नसे.

"गाडी बघ एक," तो म्हणाला. "डिझेलची. जुनी चालंल. मागं तिला आडवं हुता आलं पायजे, बास."

"बघतो की," मी म्हणालो. "पण घाई करायची न्हाई."

हे शेवटचं वाक्य मी कुठल्याही गिऱ्हाइकाला म्हणतो तसं म्हणालो. अण्णानं मान हलवली. घाई त्याच्या तोंडावर दिसत होती.

पहिली गाडी रामनगरातच मिळाली. सात सीटची, पांढरी, नव्या कव्हरांनी नटलेली. अण्णाची नजर मागच्या सीटवरून हलेना. मी ड्रायव्हरची सीट पुढं सरकवून खालची जाजमपट्टी उचकटली. खाली बारीक पिवळसर गाळ होता, हाताला पिठासारखा लागणारा, आणि सीटचे बोल्ट गंजून लाल झालेले. गाडी कुठल्यातरी पुरात बुडून वर आलेली. अशा गाडीचं इंजिन धुता येतं, वायरिंग धुता येत नाही. वर्षभरात एकेक दिवा, एकेक स्विच मान टाकायला लागतो. "चल अण्णा," मी म्हणालो. त्या गाडीच्या बाबतीत मी बरोबर होतो, ते आजही सांगेन.

दुसरी कुळगीजवळ, पर्यटकांना रानात फिरवणाऱ्या एका माणसाची. त्या दिवशी शुक्रवार होता. मी गॅरेजची जीप घेऊन अण्णा आणि वैनीला दांडेलीहून आणायला गेलो होतो, म्हटलं जाता जाता गाडीही बघून घेऊ. मीटरवर आकडा एवढासा. पण ब्रेकच्या पायपट्टीचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं, स्टिअरिंग हाताच्या घामानं चकाकणारं. मीटर मागं फिरवता येतो, पायपट्टी कशी फिरवणार? मग मी हँडब्रेक ओढला, तिसरा गिअर टाकला आणि क्लच हळूहळू सोडला. क्लच चांगला असला तर इंजिन तिथं गचका खाऊन बंद पडतं. हे आपलं चालूच. क्लचप्लेट संपली होती.

वैनी जांभळीच्या झाडाखाली डोक्यावर पदर घेऊन बसली होती. तिनं तिथूनच विचारलं, "भावजी, मागली सीट पाठीमागं कलतीय का?"

"कलतीय वैनी. पण क्लच गेलाय."

"ते बदलता येत न्हाई?"

"येतं. पण ज्यानं मीटर फिरवलाय त्यानं आणि काय काय फिरवलं असंल, कुणाला ठावं?"

ती "व्हय" म्हणाली आणि उठायला लागली. उठताना तिला झाडाचं खोड धरावं लागलं. मी बॉनेट आपटून बंद केलं. मला वाटलं, तिला पटलं.

तिसरी गाडी खानापूरकडच्या एका निवृत्त मास्तरांची. ही आठवली की मला अजून झोप लागत नाही. सकाळी सहाला गेलो, इंजिन गारठलेलं. एका चावीला लागलं. धूर नाही. पाण्याच्या टाकीत तेलाचा तवंग नाही. टर्बोची शिट्टी बारीक, सरळ. चढावर दुसऱ्या गिअरात घेतली तर कुरकुर न करता ओढत गेली. एवढं सगळं चांगलं निघाल्यावर मला काहीतरी सापडायलाच हवं होतं. मी बॉनेटच्या बिजागरीचे बोल्ट बघितले. रंग खरवडलेला, म्हणजे पाना लागलेला. खाली पुढची पट्टी एका बाजूला वाकून सरळ केलेली, तिच्यावर वेल्डिंग.

"म्हैस आडवी आली होती," मास्तर म्हणाले. "मी सांगणारच होतो."

ते खरंच सांगणार होते, असं आज वाटतं. त्या दिवशी मी अण्णाला बाजूला घेऊन म्हणालो, "ठोकलेली गाडी वैनीला नको."

"चालतीया तर चांगली," अण्णा म्हणाला.

"चालतीया आज. उद्याचं कोण सांगणार?"

ती गाडी अजून चालते. दुधाच्या धंद्यातल्या कुणीतरी ती घेतली. खानापूरच्या बाजारात ती कॅन भरून जाताना दिसते आणि मी दुसरीकडं बघतो. दोष नसलेली जुनी गाडी जगात नसते. कुठल्या दोषाबरोबर नांदता येतं आणि कुठला दोष गाडीला घेऊन बसतो, हे ओळखणं म्हणजे गाडी बघणं. ही अक्कल मी तीस वर्षं दुसऱ्यांना शिकवत आलो होतो.

या तीन गाड्यांत तीन महिने गेले. म्हणजे वैनीच्या पंचवीसएक फेऱ्या बसनंच झाल्या. त्यातल्या एकाही फेरीबद्दल तिनं मला बोल लावला नाही.

चौथी गाडी अण्णानंच शोधली. रामनगरच्या एका व्यापाऱ्याची होती. वाडीत मोबाइलला रेंज नाही, त्यामुळे अण्णा टेकाडाच्या माथ्यावर चढून फोन करतो आणि धापा टाकत बोलतो.

"ऐतवारी ये," तो म्हणाला. "गाडी घरला येतीय. आणि ऐक, देवाला कौल लावलाय मी. उजवा आलाय."

आमच्याकडं काही मोठं करायचं झालं तर गावदेवाला कौल लावतात. पुजारी देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो, मनातली गोष्ट देवाला बोलून दाखवतो, आणि मग सगळे पाकळ्यांकडं बघत बसतात. उजवीकडची आधी पडली तर देवाचा होकार, डावीकडची पडली तर नकार. लग्न असो, विहीर असो, गुरं असोत, आणि आता गाडी. एकदा उजवा कौल मिळाला की त्या गोष्टीत खोट काढायची नसते. तशी काढली तर ती देवातच काढल्यासारखी होते.

मी हे मानत नाही. पण न मानल्याचं एकदा भोगलेलं आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी आमच्या बाला, म्हणजे वडलांना, लकवा मारला तेव्हा अण्णानं कौल लावला होता, बाला घरातून हलवावं का म्हणून. डावा आला. मी रामनगरहून आलो तो तावातावानंच. अंगणात सगळ्या वाडीसमोर ओरडलो, "दगडाला काय कळतंय लकव्यातलं?" आणि बाला जीपमध्ये घालून बेळगावला निघालो. खानापूरच्या पुढं, वाटेतच, बा गेला. एका पेट्रोल पंपाच्या शेजारी, अनोळखी माणसांच्या घोळक्यात, माझ्या मांडीवर. अण्णानं मला कधी दोष दिला नाही. दिवसकार्य झाल्यावर, पाहुणे गेल्यावर, एवढंच म्हणाला, "घरात गेला असता बा. आपल्या कांबळ्यावर." त्यानंतर देवाच्या बाबतीत मी वाडीत तोंड उघडलेलं नाही.

रविवारी मी पोचलो तेव्हा गाडी अंगणात उभी होती, पुढं झेंडूचा हार घातलेला. व्यापारी ती स्वतः चालवत घेऊन आला होता. आमच्या भागात हे फार मोठं सौजन्य समजतात. जिथं धड रस्ता नाही तिथं एखादा माणूस गाडी दारात आणून दाखवतो म्हटल्यावर घरातले त्याला पाट मांडतात, चहा-पोहे करतात. रानातली माणसं हमखास फसतात ती इथंच. दारात आलेल्या गाडीचं इंजिन तापलेलं असतं. गार असताना ते कसं वागतं हे कुणाला दिसतच नाही, आणि दाखवा म्हणणं म्हणजे पाहुण्याचा अपमान. मी बॉनेटवर हात ठेवला तर चटका बसला. आता त्याला काय विचारणार? तो रामनगरहून आलाय हे सगळ्या वाडीनं बघितलं होतं.

मी बॉनेट उघडलं आणि इंजिन चालू ठेवून तेल ओतायचं झाकण काढलं. डिझेल इंजिनाचा दम इथं कळतो. धडधाकट इंजिनाच्या त्या भोकातून वाफ येते न येते. या भोकातून ठोक्याठोक्याला फुस् फुस् करत धूर येत होता. मी त्यावर तळहात धरला. हात मागं ढकलला जात होता, आणि त्यावर तेलाचे बारीक थेंब उडत होते. आतल्या रिंगा झिजल्या होत्या, सिलिंडर झिजले होते. नवं जाड तेल भरून आवाज तेवढा झाकला होता. व्यापाऱ्याला ॲक्सिलरेटर दाबायला सांगितलं तर मागं निळा धूर. उबेत ही गाडी चालेल, पण आमच्या रानातल्या मार्गशीर्षातल्या सकाळी ही लागायची नाही. हे सगळं मला चहा निवायच्या आत कळलं होतं.

मी तिथलं एक फडकं उचलून हात पुसला आणि मान वर केली. अण्णा समोर उभा होता, माझ्या तोंडाकडं एकटक बघत. त्या नजरेत मला खानापूरच्या पुढचा रस्ता दिसला, माझ्या मांडीवरचं बाचं डोकं दिसलं. अण्णा मला डोळ्यांनी बजावतोय असं वाटलं, या बारीला तोंड उघडू नको. पायरीवर वैनी बसली होती, हातावर शुक्रवारच्या सुयांची पट्टी तशीच.

"कशी हाय?" अण्णानं विचारलं.

"बरी हाय," मी म्हणालो.

व्यापाऱ्यानं पोह्यांची बशी माझ्याकडं सरकवली. मी ते पोहे खाल्ले आणि वर चहाही घेतला.

गाडी आल्यावर चार महिने चांगले गेले, ते नाकारून चालणार नाही. श्रावणातला पाऊस होता, वैनी मागच्या सीटवर उशी घेऊन आडवी व्हायची आणि घरी येईपर्यंत झोपून जायची. मी एकदा कामासाठी जोयड्याला गेलो असताना त्यांची गाडी समोरून आली. तिनं काच खाली करून हाक मारली, "भावजी, बगा, सायबीण चाललीय!" मग म्हणाली, वाटेत ककणेर पाखरांचं जोडपं बघितलं, मोठ्या चोचीचं, डोक्यावरून पंख वाजवत गेलं. इतकी वर्षं रानात राहून तिला ते बघायला सवड झाली नव्हती, आणि बसमध्ये दांडी धरून उभ्या असलेल्या माणसाला खिडकी कुठली? मी हसलो. तिचं ते तोंड बघून मला सुख झालं, आणि तरी नजर गाडीच्या मागच्या धुराकडं गेली.

दर दहा-बारा दिवसांनी मी काहीतरी निमित्त काढून वाडीत जायचो आणि इंजिनात तेल घालून यायचो.

"एवढं तेल खाती व्हय रे ही?" अण्णानं एकदा विचारलं.

"जुन्या डिझेल गाड्या खातात थोडं," मी म्हणालो.

इंजिन उतरवून पुन्हा बांधायचं तर गाडी पंधरा दिवस गॅरेजात उभी करावी लागली असती. तेवढे दिवस माझी जीप त्यांना देता आली असती. हे आज सुचतंय असं नाही, तेव्हाही सुचलं होतं. पण जीप देताना कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण सांगितलं की ते पोहे खाल्लेल्या दिवसाचं सगळंच सांगावं लागलं असतं. मी म्हणत राहिलो, पाऊस सरू दे. पाऊस सरल्यावर म्हणालो, भात कापून होऊ दे. थंडीच्या तोंडावर मी नवी बॅटरी घातली, इंजिन गरम करणारे प्लग बदलले. झिजलेल्या इंजिनाला त्यानं काय होणार? ते मी माझ्या मनाच्या समाधानासाठी केलं.

मार्गशीर्षात एका शुक्रवारी गाडी लागली नाही. हे मला मागाहून कळलं. अण्णानं तासभर खटपट केली, आणि शेवटी वैनीच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, एक पाळी चुकली तर काय हुतंय. भावजींना सांगू नका, उगं पळत येतील." दुपारी ऊन खाल्ल्यावर गाडी पहिल्याच चावीला लागली, म्हणून अण्णाही गप्प बसला.

मंगळवारी पुन्हा तेच. झाडांवरून दव टपटपत होतं, धुक्यात अंगण दिसत नव्हतं. अण्णानं घमेल्यात निखारे घालून इंजिनाखाली सरकवले, ट्रॅक्टरच्या दिवसांत करायचा तसं. वाडीतल्या माणसांनी उतारावर गाडी ढकलली. तरी लागली नाही, आणि बॅटरी उतरली. त्या सगळ्या वेळात वैनी मागच्या सीटवर शाल लपेटून बसून होती. पाय सुजले होते, दोन शब्द बोलली की धाप लागत होती. अण्णा माथ्यावर पळाला आणि त्यानं मला फोन केला. मी जीप घेऊन पोचलो तोवर साडेनऊ वाजले होते.

आडवं झालं की तिचा जीव घुसमटायचा, म्हणून तिला माझ्या शेजारी पुढच्या सीटवर ताठ बसवलं. जोयड्याला अण्णा पाण्याची बाटली आणायला उतरला. तेव्हा ती म्हणाली, "भावजी, गाडी आली त्या दिवशी तुमी फडक्याला हात पुसलासा."

मी तिच्याकडं बघितलं.

"कवा पुसता काय तुमी हात?" ती म्हणाली. मध्ये थांबून श्वास घेतला. "मला तवाच कळलं, गाडीत कायतरी हाय."

"मग बोलला का न्हाईसा वैनी?"

"मला बी पायजे हुती गाडी," ती म्हणाली. "बस नको वाटत हुती."

अण्णा बाटली घेऊन आला, आणि मी जीप दांडेलीकडं दामटली.

दवाखान्यातल्या लोकांनी दुसऱ्याची पाळी पुढं ढकलून तिला लगेच मशीनवर घेतलं. त्यांनी हातात होतं ते सगळं केलं. पण फुप्फुसांत पाणी भरलं होतं आणि हृदय थकलं होतं. पाचव्या दिवशी सकाळी वैनी गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीपासूनच कमजोर होतं, हे कधीही होऊ शकलं असतं. मी विचारलं, "शुक्रवारची पाळी चुकली नसती तर?" त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. गाडीमुळं गेली असं वाडीतही कुणी म्हणालं नाही. म्हणालं असतं तर बरं झालं असतं, निदान मला कुणाशी तरी भांडता आलं असतं.

महिन्याभरानं एका दुपारी अण्णा ती गाडी घेऊन गॅरेजवर आला. उन्हात ती सुरेख चालत होती.

"उघड हिला," तो म्हणाला. "हिला काय झालंतं ते बघायचंय मला."

मी दोन दिवसांत इंजिन खोललं. दोन्ही दिवस अण्णा सकाळच्या बसनं यायचा आणि जुन्या टायरवर बसून बघायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पिस्टन बाहेर काढले, एक रिंग सोडवून त्याच्या हातात दिली. मग त्याचं बोट धरून सिलिंडरच्या आत फिरवलं. रिंग जिथवर चढते तिथं झिजून कडा पडली होती, नखाला लागत होती.

"हे एका थंडीत झिजलेलं न्हाई, अण्णा," मी म्हणालो. "गाडी आपल्या दारात आली तवाच असं हुतं. मला त्या दिवशी कळलं हुतं. मी बोललो न्हाई."

तो आता मारेल असं मला वाटलं. मारावं असंही वाटलं. तो रिंग बोटांत फिरवत राहिला.

"कौल डावा आला हुता," तो म्हणाला.

मला आधी काही उमगेना.

"दोन बारी लावला. दोन्ही बारी डावी पाकळी पडली. पुजाऱ्याच्या पाया पडलो, म्हटलं कुणाला बोलू नको."

"मग मला उजवा का म्हणालास?"

"तीन गाड्या घालवल्यास तू. हीबी बारीकसारीक काढून घालवशील, म्हणून म्हटलं. तिला बसमदी उभं ऱ्हावत न्हवतं रे." त्यानं रिंग उलटी करून बघितली. "पण मला वाटलं, खरंच वाईट असंल तर हा बोलंलच. बाच्या वक्ताला तू देवाला भ्याला न्हाईस, मला भ्याला न्हाईस. म्हणून तर तुझ्या तोंडाकडं बघत उभा हुतो. तू न्हाई म्हणला असतास, तर तिथल्या तिथं माघारी धाडली असती गाडी."

त्यानं रिंग बाकड्यावर ठेवली. मी रडायला लागलो, भर दुपारी, गॅरेजच्या दारात, रस्त्यावरची माणसं बघत असताना. अण्णा शेजारी येऊन उभा राहिला. त्यानं मला गप्प केलं नाही आणि तोही रडला नाही. बऱ्याच वेळानं त्यानं घड्याळाकडं बघितलं, बसची वेळ झाली म्हणाला आणि पिशवी उचलली. मी जीपनं सोडतो म्हणालो, तर नको म्हणाला.